एमेशेचा दो

एटेल्काबाईंनी प्लॅस्टरमधला उजवा हात झोळीत नीट बसवला आणि दर मंगळवारसारखी हाक गाऊन दिली, "कोण आ-लं?"

नऊ गळ्यांनी त्याच दोन सुरांत उत्तर दिलं, "आम्ही आ-लो!"

पहिल्या रांगेतल्या एमेशेचं तोंड उघडलं, पण त्यातून काही आलं नाही. ती बाईंच्या झोळीकडे टक लावून पाहत होती.

"बाई, हात तुटला का?" पिरोश्कानं विचारलं. ही पाच वर्षांची मुलगी कुणाच्याही भानगडीत नाक खुपसल्याशिवाय राहत नसे.

"तुटला. शनिवारी बर्फावर घसरले, चर्चच्या पायऱ्यांपाशी."

"रडलात?"

"पाद्रीबुवा समोर होते, मग कशी रडणार? घरी जाऊन रडले. बरं, आज हात सुट्टीवर. आज कानांनी गायचं."

डावा हात धड होता म्हणावा तर तो खांदा दोन वर्षांपासून आखडलेला. कमरेच्या वर उचलला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. एरवी बाईंचा उजवा हातच सगळा वर्ग चालवी. छातीशी उभा पंजा म्हणजे सो, त्याखाली पालथा पंजा म्हणजे मी, कमरेशी मूठ म्हणजे दो, त्यांच्या सरगमीचा पहिला सूर. त्या हाताकडे पाहून गावातल्या निम्म्या लोकांनी सूर ओळखायला शिकून घेतलं होतं, आणि आता त्यांची पोरं शिकत होती. सांस्कृतिक भवनाच्या या वरच्या खोलीत बाईंना एकेचाळीस वर्षं झाली होती.

त्यांनी सूर लपवायचा खेळ घेतला. गाणं सुरू करायचं, मधे बाईंनी मूठ मिटली की ते मनातल्या मनात गायचं, आणि मूठ उघडली की जिथे गाणं पोचलं असेल तिथून मोठ्यानं गायचं. या खेळात एमेशेचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकीची पोरं अर्धी ओळ मागे नाहीतर पुढे बाहेर पडत. एमेशे बाईंची मूठ उघडताक्षणी नेमक्या सुरावर. दिवाळखोर मालकाच्या गोदामासारखी ही खोली, तिचं छत गळतं, पियानोच्या तीन पट्ट्या मुक्या. पण या पोरीसाठी तरी ती चालू ठेवली पाहिजे, असं बाई नगरपालिकेत जाऊन भांडून आल्या होत्या.

आज हात नव्हता. बाईंनी तोंडानं खूण केली, "लपा!"

नऊ पोरं गप्प झाली. एमेशे गातच राहिली. शेजारच्या पोरांचे मिटलेले ओठ पाहून तिनं दोन क्षणांनी तोंड मिटलं.

"या बाहेर!"

नऊ पोरं बाहेर आली. एमेशे पुन्हा मागून, आणि वेगळ्याच उंचीवरून. पोरं हसली.

बाईंना त्या वेगळ्या उंचीचं कधी काही वाटलं नव्हतं. त्यांच्या पद्धतीत दो कुठे खिळ्यानं ठोकलेला नसतो. धरू तिथे दो, बाकीचे सूर त्याच्यापासून मोजायचे. नाताळापासून एमेशे सगळ्यांहून वर सूर लावू लागली, तेव्हा बाईंनी कौतुकानं सगळा वर्गच तिच्या सुरावर उचलला होता. "ही आपला दो घरूनच घेऊन येते," असं त्या इतर आयांना सांगत. सुरांमधली अंतरं तर बरोबर होती. अंतरं बरोबर असली की आणखी काय लागतं?

त्या चालत खोलीच्या मागच्या टोकाला गेल्या. पोरं वळून पाहू लागली तशी त्यांनी दटावलं, "पुढे बघा. मी ज्याला हाक मारीन त्यानं ओ द्यायची."

"बे-न्के!" बेन्केनं ओ दिली. "पिरो-श्का!" पिरोश्कानं तर उडीच मारली.

"एमे-शे!"

एमेशे खिडकीवरचा बर्फ पाहत होती.

"एमे-शे!" बाईंचा आवाज त्यांच्याही नकळत चढला. बेन्केनं कानांवर हात ठेवले. एमेशेच्या वेणीची रिबीनसुद्धा हलली नाही.

"बाई, तिला हात लावावा लागतो," पिरोश्का म्हणाली, आणि तिनं एमेशेच्या खांद्यावर टिचकी मारली. एमेशे लगेच हसून वळली. "असा. आम्ही नेहमीच लावतो."

"कधीपासून?"

"नेहमीच," पिरोश्का म्हणाली. मोठ्या माणसांना सगळंच सांगावं लागतं, असा तिचा चेहरा झाला होता.

बाई पियानोच्या स्टुलावर बसल्या. उरलेला वेळ त्यांनी पोरांना चित्रं काढायला लावलं. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

एमेशेची आई त्युंदे बेकरीत कामाला होती. लहानपणी तीही याच खोलीत बसलेली. ऑक्टोबरमध्ये ती वर्ग सुटल्यावर दाराशी घुटमळली होती, हातात जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घेऊन. उन्हाळ्यातल्या तापानंतर पोरगी कधीकधी ऐकल्यासारखं करत नाही. बालवाडीच्या परिचारिकेनं कान तपासून घ्या म्हटलंय. बाईंना काय वाटतं? बाई मनापासून हसल्या होत्या. "अगं, मी एकेचाळीस वर्षं कानांचाच धंदा करतेय. या पोरीला वटवाघळाचे कान आहेत. ऐकत नाही म्हणजे हट्टी आहे, तू होतीस तश्शी!" त्युंदेचा चेहरा असा उजळला की पुढच्या मंगळवारी तिनं बाईंसाठी चीज घातलेल्या पोगाच्या या छोट्या गरम पावांची पिशवीभर भेट आणली. चिठ्ठीचं पुढे काय झालं ते बाईंनी विचारलं नाही. जानेवारीत मात्र संगीत शाळेच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र लिहिलं: कान असामान्य.

पाच वाजता आया आल्या. कोट, मोजे, टोप्या यांचा गोंधळ उडाला. त्युंदे सगळ्यांत शेवटी आली, बाहीला पीठ लागलेलं. एमेशे कोपऱ्यात पाठमोरी बसून रंगाच्या पेट्या लावत होती.

"अरे देवा, हात! बाई, आमच्याकडून सूप पाठवू का?"

"त्युंदे, बस जरा."

"बसायला वेळ कुठला. कढईत लांगोश तळायचेत, आमचे हे उपाशी आले की घर डोक्यावर घेतात. बोला ना."

बाईंना वाटलं होतं, काहीतरी सुरुवात सुचेल. ती सुचली नाही. "पोरीला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "थोडंफार येत असेल. ती माझा हात बघून गात होती. मला कळलं नाही."

त्युंदे हसली. "दुखण्यानं काहीतरी बोलताय तुम्ही. आठ दिवस रजा घ्या."

"मी मागे उभी राहून ओरडले. दोनदा."

"तंद्रीत असेल. कलावंत पोरं अशीच असतात, तुम्हीच म्हणालात. वटवाघळाचे कान म्हणालात. पत्रात लिहिलंत. मी ते पत्र बेकरीत सगळ्यांना वाचून दाखवलंय, बाई." तिचा आवाज चढला होता आणि गालावर लाल डाग उमटले होते. "लोकांना बघवत नाही, बेकरीवालीची पोर संगीत शाळेत जाते ते. आता तुमचेही कान कुणी भरले का?"

"कुणी नाही भरले. माझेच बंद होते."

"काही बंद नव्हते. मी सांगते, ऐकू येतं तिला. चांगलं येतं."

"मग हाक मार."

"मारते की. त्यात काय?"

त्युंदे एमेशेकडे वळली. मधे दहा पावलांचं अंतर होतं. तिनं तोंड उघडलं. मग ते मिटून ती चालत लेकीपर्यंत गेली आणि तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. किती हलका, सवयीचा हात. एमेशे दचकलीसुद्धा नाही. वळून तिनं आईच्या ओठांकडे पाहिलं.

बाईंनी मान खाली घातली, पण तोवर त्युंदेनं त्यांना पाहताना पाहिलं होतं.

बराच वेळ ती लेकीच्या कोटाची बटणं लावत राहिली. एक चुकलं, ते काढून पुन्हा लावलं.

"शाळेच्या परीक्षेत," ती म्हणाली, "हात दाखवतात ना?"

"नाही. भिंतीकडे तोंड करून उभं करतात."

त्युंदेनं लोकरीच्या टोपीचे कान खाली ओढले आणि हनुवटीखाली गाठ मारली.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. "रुग्णालयात. पहिल्या बसनं जाऊ. मी सांगेन त्यांना, चूक माझी म्हणून."

"सांगून काय होणार?" त्युंदे म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसेना. "ऑक्टोबरात मी निघालेच होते, बाई. बसच्या थांब्यावर उभी होते. तुमचं बोलणं आठवलं आणि घरी परत आले."

ती लेकीचा हात धरून निघाली. दारात एमेशे थांबली. दर मंगळवारी निरोप असाच घ्यायचा असे: तिनं हातमोज्यातला पंजा छातीशी उभा धरला, मग खाली पालथा केला. सो, मी.

बाईंनी सवयीनं उत्तर गाऊन दिलं. स्वच्छ, नेमकं, एकेचाळीस वर्षं शिकवत आलेल्या गळ्यानं.

एमेशे थांबून राहिली. तिची नजर झोळीवर होती, उत्तराची वाट पाहत.

बाईंनी डावा हात उचलायचा प्रयत्न केला. तो कमरेपर्यंतच आला. तिथे त्यांनी मूठ वळली. दो.

एमेशेचा चेहरा खुलला. तिनं मान वर करून दो लावला, खणखणीत, जिन्यात घुमेल असा, सगळ्यांहून वरचा. एरवी इथे बाई तोच सूर उचलत आणि त्यांच्यामागून सगळा वर्ग. आताही त्यांनी श्वास भरला. मग तो तसाच सोडला.

"चल," त्युंदे म्हणाली, आणि लेकीचा हात ओढला.