तीन बोटांची चाल

"करंगळीला काय झालंय?" बाईंनी विचारलं.

मी गिटार थांबवून डाव्या हाताकडे पाहिलं. "काही नाही. धडधाकट आहे."

"मग कामाला का येत नाही? बाकीची तीन बोटं राब राब राबतायत आणि ही बघा, जावयासारखी बसलीय."

बाई शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. मी बावन्न वर्षांचा, चाळीस वर्षं गिटार वाजवणारा, आणि त्यांच्याकडे हा माझा पहिलाच दिवस. जलद जागा आली की बोटं अडखळायची. तेवढं सुधारून घ्यावं म्हणून गेलो होतो. "या वयात? म्हणजे वरातीमागून घोडं," असं बायको निघताना म्हणालीच होती. बाईंनी मला आरशासमोर बसवून पुन्हा वाजवायला लावलं. खरंच, करंगळी हवेत होती. अख्ख्या गाण्यात ती एकदाही तारेवर उतरली नाही, आणि मला याचा पत्ताच नव्हता.

"शिकवलं कुणी?"

"दादानं. माझा मोठा भाऊ."

"चार बोटं असतात म्हणावं त्यांना."

मी हसलो. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

मी कवळ्या बनवतो. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी प्लास्टरच्या साच्यावर मेणात दात बसवतो. या धंद्यानं मला एक खोड लावली आहे. दात एकाच बाजूला झिजलेले दिसले की माणूस तिकडूनच का चावतो, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. बहुतेक वेळा लहानपणी कधीतरी दुसऱ्या बाजूचा दात दुखलेला असतो. तो दात पडून जमाना होतो, सवय मात्र तशीच राहते. दुसऱ्या दिवशी असाच एक साचा हातात फिरवत होतो, आणि एकदम मेणाची सुरी खाली ठेवली.

दादाला डावी करंगळी नाही.

छापखान्यात कागद कापायच्या मशीनखाली ती गेली, तेव्हा तो बावीसचा होता आणि मी बाराचा. त्याच वर्षाच्या शेवटी त्यानं मला शिकवायला घेतलं. समोर बसायचा आणि म्हणायचा, "माझ्या बोटांकडे बघ." मी बघितलं. त्याची तीन चालायची, मी तीन शिकलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. त्याच्या हाताची इजा मी माझ्या चांगल्या हातात चाळीस वर्षं सांभाळत आलो होतो.

बाईंना सांगितलं तर त्यांनी माझी करंगळी धरून तारेवर ठेवली. मग म्हणाल्या, "रोज पंधरा मिनिटं. फक्त करंगळी. चिडायचं नाही."

चिडलो, पण सोडलं नाही. पहिला महिना ती थरथरायची आणि भलत्याच तारेवर पडायची. दुसऱ्या महिन्यात दुखायला लागली. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी सहज दादाची चाल वाजवत होतो. ती त्यानं लग्नाआधी स्वतः बांधलेली. तिच्या तिसऱ्या ओळीत एक छोटी थांबायची जागा आहे. मी तिथे नेहमीच थांबत आलो. त्या दिवशी थांबलो नाही. करंगळी आपणहून खाली गेली आणि तिथे एक सूर वाजला. मी तो पुन्हा वाजवला, मग दहादा वाजवला. ओळ जणू त्याचीच वाट बघत होती.

आणि मग मला भीती वाटली. सांध्यांच्या दुखण्यानं दादाची बोटं वाकलीत, त्याला गिटार सोडून आठ वर्षं झाली. दर रविवारी मी त्याच्याकडे जाऊन हीच चाल वाजवतो. "तू वाजवतोस ना, तेव्हा मीच वाजवतोय असं वाटतं," असं तो म्हणतो. त्याच्याकडे आता तेवढंच उरलंय. हा सूर त्याला ऐकवायचा म्हणजे तू मला अपुरं शिकवलंस, असं त्याच्या तोंडावर सांगायचं. दोन रविवार मी मुद्दाम करंगळी वर धरून वाजवलं. घरी येताना दोन्ही वेळा स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या रविवारी मी ती खाली सोडली.

दादा डोळे मिटून ऐकत होता. त्यानं डोळे उघडले. "थांब."

स्वयंपाकघरातून वहिनी ओले हात पुसत दारात आली. "अहो, लग्नाआधी, बोट जायच्याही आधी तुम्ही वाजवायचात आणि शेजारी आमच्याकडे ऐकू यायचं, अगदी तसं वाजलं," ती दादाला म्हणाली.

दादा माझ्याकडेच बघत होता. "तो सूर कुठून आणलास?"

"करंगळीनं," मी म्हणालो, आणि बाई, आरसा, पंधरा मिनिटं, सगळं सांगून टाकलं.

"तो तिथलाच आहे," दादा म्हणाला. "तू तेव्हा बाहेर हुंदडत असायचास, तुला कुठला आठवणार? मग माझा हात पोचेना. तुला शिकवताना दरवेळी त्या जागेवर यायचो आणि वाटायचं, सांगावं. पण दाखवणार कशानं? म्हणून थांबायचो. तू थांबणंच उचललंस." त्यानं माझ्या करंगळीकडे पाहिलं. "अपुरं शिकवलं रे तुला."

"दादा, तू नसतास तर मी गिटारला हातच लावला नसता."

"ते राहू दे. पुन्हा वाजव. हळू."

मी हळू वाजवायला घेतलं. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता, वाकडी बोटं निपचित पडलेली. तिसरी ओळ आली. माझी करंगळी तारेवर उतरायच्या जरा आधी त्याच्या करंगळीचं थोटूक उचललं गेलं, आणि वेळेवर लाकडावर टेकलं.