चार लिब्रांचं पुस्तक

चिबासोकाच्या शाळेत पुस्तक निवडायचं म्हणजे लग्न ठरवण्यासारखं होतं. एकदा हो म्हटलं की सहा वर्षं सुटका नाही. शिक्षण खात्याचा नियमच तसा होता: एका विषयाला एकच संदर्भग्रंथ, तीस प्रती, आणि पुढची निवड सहा वर्षांनी. भूगोलाच्या पुस्तकात गावची नदी डोंगर चढताना दाखवली होती, तरी मुलांनी सहा वर्षं ती तशीच चढवली.

या वर्षी विषय नवा होता. कॉम्प्युटरला हुकूम कसे द्यायचे, त्याची भाषा शिकवायची होती. शिकवणारा तरुण मास्तर महिन्याभरात बोगोताला पळाला, आणि वर्ग आला ओतिलियाबाईंच्या गळ्यात. बाई अडुसष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी कॉम्प्युटर उघडला तोच मुळी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आणि तोही चष्मा पुसत पुसत. पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. गणित चुकलं की मूल आधी स्वतःला ढ म्हणतं. तो शब्द त्याच्या तोंडून निघण्याआधी बाईंनी तिथं पोचलं पाहिजे. चाळीस वर्षं त्यांनी एवढंच काम केलं होतं.

म्हणून पुस्तक कोणतं येतं याची त्यांना काळजी होती. पुढच्या निवडीपर्यंत आत्ताची पोरं शाळा सोडून बटाट्याची पोती उचलायला लागलेली असणार.

निवड समितीत चौघं होती. हेडमास्तर एर्मोखेनेस, गावचे नोटरी पोम्पिलियो, पालकांच्या वतीने बेकरीवाल्या ब्रिखिदाबाई, आणि ओतिलियाबाई. टेबलावर काळी कॉफी, ब्रिखिदाबाईंनी आणलेले चीजचे गरम पाव आणि तीन पुस्तकं होती.

पहिलं पुस्तक स्पेनहून आलेलं. ब्रिखिदाबाईंनी ते मध्येच उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "अहो प्रियजनहो, आता तुम्ही सर्वांनी आपापले द्वार उघडावे, आणि आत काय आहे ते पाहावे."

"आमेन," नोटरी म्हणाले. मग दचकून म्हणाले, "माफ करा हां. सवय."

सवय सगळ्यांचीच होती. स्पेनमध्ये लोक चारचौघांना 'तुम्ही' म्हणताना क्रियापदाचं जे रूप वापरतात, ते चिबासोकात फक्त रविवारी, चर्चच्या चौथऱ्यावरून ऐकू येई.

"पोरं गुडघ्यावर बसतील हो," ब्रिखिदाबाई म्हणाल्या. "नको हे."

दुसरं पुस्तक पास्तो शहरातल्या कुणा शिक्षकाने लिहिलेलं. शहाण्णव पानांचं, पातळ, पिनांनी टाचलेलं. ओतिलियाबाईंनी ते दोनदा पाहिलं होतं. त्यातला प्रत्येक धडा त्यांनी घरी यंत्रावर चालवून बघितला होता आणि प्रत्येक धडा चालला होता.

हेडमास्तरांनी ते दोन बोटांत धरलं. "ओतिलियाबाई, हा संदर्भग्रंथ आहे की तुमच्या आत्याबाईंची पाककृतींची वही?"

"वही असली तरी साहेब, त्यातला पदार्थ होतो."

"खात्याचे साहेब आले की कपाटात काय दिसणार? काही नाही! कपाट रिकामंच वाटेल."

तिसरं पुस्तक मात्र टेबलावर ठेवलं तेव्हा कॉफीचे कप हलले. अकराशे अठ्ठेचाळीस पानं, जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं आणि मागे टाय लावलेल्या लेखकाचा फोटो. मूळ इंग्रजीवरून 'संपूर्ण स्पॅनिशमध्ये' आणलेलं, असं वरच ठसठशीत लिहिलेलं.

"संपूर्ण," नोटरी म्हणाले. त्यांना हा शब्द कागदावर नेहमीच आवडायचा.

"किती भरेल हो?" हेडमास्तरांनी विचारलं. ब्रिखिदाबाईंनी ते उचललं. लिब्रा म्हणजे अर्धा किलो, आणि त्या मापाने पीठ मोजून मोजून त्यांचा हातच तराजू झाला होता. "चार लिब्रा. वर थोडं, पण ते पुठ्ठ्याचं."

"चार लिब्रा ज्ञान!" हेडमास्तर म्हणाले.

"साहेब, पहिला धडा एकदा यंत्रावर चालवून बघू या का?" ओतिलियाबाईंनी विचारलं. "पाच मिनिटांचं काम आहे."

हेडमास्तर समजूत घातल्यासारखे हसले. "बाई, पुस्तक वाचायचं असतं. चालवायची असते ती सायकल."

तीन विरुद्ध एक. नोटरींनी तिथल्या तिथे शिक्का मारला.

तीस प्रती आल्या. मुलांनी त्या दोन दोन जणांनी मिळून वर्गात नेल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांनी पहिला धडा जसाच्या तसा टाइप केला, आणि तीसही यंत्रांनी लाल अक्षरांत तक्रार केली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मारयोरी नावाची अकरा वर्षांची मुलगी, जी पाढे म्हणताना कधी श्वास घ्यायला थांबली नव्हती, की-बोर्डवरून हात काढून गप्प बसली.

"काय गं?"

"काही नाही, बाई. मी ढ आहे."

ओतिलियाबाईंना तो शब्द थपडेसारखा लागला. त्या तिच्या शेजारी बसल्या. पुस्तक मांडीवर मावेना, म्हणून दोघींच्या मिळून चार मांड्यांवर ठेवलं.

"काय लिहिलंय त्यात?"

"'सी' लिहिलंय. 'सी' म्हणजे 'जर'. जर बटाटे दहापेक्षा जास्त असतील तर 'इंप्रिमिर', म्हणजे छाप."

"आणि यंत्राला कोणता शब्द कळतो?"

मारयोरीने डोकं खाजवलं. "त्या पळालेल्या मास्तरांनी 'इफ' सांगितलं होतं. आणि 'प्रिंट'."

"लिहून बघ."

यंत्राने निमूट उत्तर दिलं. मारयोरीचे डोळे पुस्तकावरून यंत्रावर आणि यंत्रावरून पुस्तकावर गेले. "म्हणजे पुस्तक ढ आहे?"

"पुस्तक फार कष्टाळू आहे," ओतिलियाबाई म्हणाल्या. "भाषांतर करणाऱ्याला सांगितलं असेल, संपूर्ण स्पॅनिश करा. त्याने हुकूमसुद्धा स्पॅनिश केले. बैलाला जी भाषा कळते तीच बदलली, आणि आता बैल का हलत नाही म्हणून पोरांना रागावायचं."

त्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं: 'चुकांचा दाखला'. चिबासोकात पुस्तकाच्या शेवटी जो चुकांचा कागद चिकटवतात त्याचं हेच नाव. नियम साधा होता. पान, ओळ, पुस्तक काय म्हणतं, यंत्र काय म्हणतं, आणि खरं काय. जो चूक शोधेल त्याचं नाव पुढे.

पोरं मधाच्या पोळ्यावर तुटून पडावीत तशी त्या ग्रंथावर तुटून पडली. साडेतीन किलोला स्वल्पविराम देऊन '३,५' लिहिलेलं, कारण गावात सगळे तसंच लिहितात. यंत्राला मात्र तिथे ठिपका लागतो. त्याने ते तीन आणि पाच असे दोन वेगळे आकडे समजून छापले, आणि एका पोराच्या हिशेबात आजोबांचा कोंबडा दोन तुकड्यांत तोलला गेला. आणि छापणाऱ्याने अक्षरांवरच्या टोप्या सगळ्या खाल्ल्या होत्या. ही टोपी साधी गोष्ट नाही. 'आन्यो' म्हणजे वर्ष, आणि त्यातल्या एका अक्षरावर वळणदार टोपी असते. टोपी उडाली की उरतो 'आनो', म्हणजे शरीराचा तो दरवाजा, ज्याचं नाव चारचौघांत काढत नाहीत. पान चौदावर ही टोपी उडालेली होती. बाईंनी वर्गाला घड्याळ लावून एक मिनिट हसू दिलं, मग म्हणाल्या, "झालं? आता नोंदवा." ती एकशे सदतिसावी चूक.

दोन महिन्यांनी हेडमास्तरांनी पालकांसाठी कार्यक्रम ठेवला. नव्या ग्रंथातून धडा ते स्वतः चालवून दाखवणार होते, आणि नेमकं पान चौदा निवडलं होतं, कारण त्यात यंत्र माणसाला नाव आणि वय विचारतं.

"साहेब, दुसरं कोणतंही पान घ्या," ओतिलियाबाई त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाल्या.

"का?"

चाळीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी तो शब्द हेडमास्तरांच्या खोलीत उच्चारला नव्हता. "तिथे... एक टोपी राहिली आहे."

"टोपी कशाला? कार्यक्रम हॉलमध्ये आहे, ऊन कुठलं तिथं?"

"पोरांनी दुरुस्त केलेलं तरी टाइप करा."

"हुकूमबिकूम तुमच्या पोरांना हवे तसे करू देत. वाक्यं मात्र पुस्तकातलीच, अक्षर न् अक्षर. पालकांच्या हातात प्रती असणार आहेत, बाई. फरक दिसला तर समितीची शोभा होईल."

शोभा झालीच. हॉल भरला होता. मारयोरीने हुकूम लिहिले, हेडमास्तरांनी वाक्यं ग्रंथातून एकेक अक्षर बघून टाइप केली. यंत्राने नाव विचारलं, त्यांनी दिलं. वय विचारलं, त्यांनी सत्तावन्न लिहिलं. चिबासोकाच्या भाषेत माणूस इतक्या वर्षांचा नसतो, माणसाला इतकी वर्षं असतात. पडद्यावर हातभर अक्षरांत उमटलं:

'एर्मोखेनेस यांना ५७ आनो आहेत.'

मग मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "बाप रे! आणि हा माणूस एकाच खुर्चीवर बसतो?"

हॉल कोसळला. ब्रिखिदाबाईंनी रुमाल तोंडात कोंबला. नोटरी आपल्या प्रतीत ओळ शोधत होते. ती सापडल्यावर त्यांनी शिक्का मारल्यासारखं पुस्तक मिटलं.

हेडमास्तर कानांपर्यंत लाल झाले. "ही चूक कोणाची?" ते गरजले, आणि नजर सरळ मारयोरीवर गेली.

ओतिलियाबाई पुढे होणार, तोच मारयोरी उभी राहिली. "पान चौदा, ओळ सहा, साहेब. आमच्या दाखल्यात एकशे सदतीस. शोधणारी मीच." आणि तिने पिनांनी टाचलेली वही त्यांच्या हातात दिली. छप्पन्न पानं, शाईचे डाग, प्रत्येक ओळीपुढे एका पोराचं नाव.

हेडमास्तरांनी सवयीने ती तळहातावर तोलली. तिला वजन असं नव्हतंच. त्यांनी ती उघडली. हॉलमधलं हसू विरत गेलं तरी ते वाचतच राहिले. मग यंत्राकडे वळले, वहीतून बघून त्या अक्षरावर टोपी ठेवली, आणि नाव-वय पुन्हा भरलं.

'एर्मोखेनेस यांना ५७ आन्यो आहेत.'

"हं," ते हळूच म्हणाले. "आता माझं वय बरोबर आहे."

त्यांनी आणखी एकदा टाइप केलं. मग बायकोचं वय घालून पाहिलं, आणि ते पडद्यावर दिसतंय हे लक्षात येताच घाईने पुसलं.

दुसऱ्या दिवशी वहीच्या तीस प्रती काढायचा हुकूम निघाला. मुखपृष्ठावर 'मार्गदर्शन: हेडमास्तर एर्मोखेनेस' असं छापावं, ही सूचनाही त्यातच होती. खात्याच्या कागदावर संदर्भग्रंथ अजून तोच आहे, संपूर्ण स्पॅनिशमधला. कपाट भरलेलं दिसतं. एक प्रत वर्गाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेली असते. त्या कामाला ती उत्तम आहे.

वही मात्र मारयोरीच्या हातात असते. परवा ब्रिखिदाबाईंनी ती उचलून पाहिली. "एका चीजपावाइतकी," त्या म्हणाल्या.

"काकू, थांबा," मारयोरी म्हणाली. "अजून ग्रंथाची चारशे पानं तपासायची राहिलीत."