निवळ आणि दुधाळ

बाबा चष्म्याच्या काचा घासायचे. चाळीस वर्षं तेच काम. काचेवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी ती पुन्हा यंत्रावर धरणारा माणूस. त्यामुळे त्यांना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा आम्ही मायलेकी निर्धास्त होतो. या माणसानं वेळ चुकवणं शक्यच नव्हतं.

बाटल्या दोन होत्या. एक लवकर काम करणारी, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. दुसरी हळूहळू काम करणारी, सकाळ-संध्याकाळ. बाबा घड्याळ समोर ठेवून घ्यायचे. पण साखर काही ऐकेना. उपाशीपोटी अडीचशे, कधी दोनशे ऐंशी.

आईनं निकाल देऊन टाकला. "तुम्ही चोरून खाताय."

"तुझी शपथ, नाही गं."

"माझी कशाला? मला जगायचंय अजून."

तिनं बिस्किटांचा डबा शिलाई मशीनच्या खणात कुलूपबंद केला. बाबांच्या कामाच्या एप्रनचे खिसे झाडले, तर गोड गोळीचा एक कागद सापडला. साखर उतरली तर तोंडात टाकायला ती गोळी डॉक्टरांनीच ठेवायला सांगितलेली.

"आणि उतरली कधी?" आईनं विचारलं.

उतरली नव्हतीच. एका दुपारी बाबांना नुसतीच इच्छा झाली होती. एक गोळी! पण आईच्या लेखी चोर पकडला गेला होता. घरात बोलणंच बंद झालं.

मग त्यांना धूसर दिसायला लागलं. एका गिऱ्हाइकाचा चष्मा परत आला, काच चुकीच्या कोनात बसलेली. बाबांनी एप्रन काढून खुंटीला लावला आणि भर दुपारी घरी आले.

"डोळेच गेले तर मी करू काय?" ते मला म्हणाले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आकडे पाहिले, मात्रा वाढवावी लागेल म्हणाले. "पण आधी सिस्टरना इंजेक्शन कसं घेता ते दाखवा."

सिस्टर शेजारच्या खोलीत बसायच्या. बाबांनी पिशवीतून दोन्ही बाटल्या काढल्या, अगदी हलक्या हातानं, जराही हिंदकळू न देता. दुसऱ्या बाटलीच्या तळाशी पांढरा थर होता. बाबांनी बाटली तिरपी केली आणि सुई वरच्या स्वच्छ पाण्यात धरली.

"थांबा. हलवत नाही तुम्ही?"

"हलवलं की गढूळ होतं," बाबा म्हणाले. "मी गाळ बसू देतो. वरचं निवळ तेवढं घेतो."

सिस्टरनी डोक्याला हात लावला. "काका, तो गाळ नाही. तेच औषध आहे! रंगाचा डबा न ढवळता भिंत रंगवाल का?"



मग सिस्टरनी नीट समजावलं. पहिली बाटली निवळच हवी, ती जेवणापुरती येते आणि जाते. ही दुसरी दुधाळच असते, अंगात हळूहळू मुरते. घ्यायच्या आधी तळहातांत दहा-वीस वेळा हळुवार फिरवायची, जोरात हलवायची नाही. "आणि सगळी हळू चालणारी इन्सुलिनं दुधाळ नसतात. काही निवळ असतात. तेव्हा रंगावर जाऊ नका, नाव वाचा."

"म्हणजे मी इतके दिवस..."

"पाणीच टोचून घेत होता म्हणायचं. आणि ही बाटली आता टाकून द्या. उरलंय ते फार दाट आहे. हे घेतलं असतं तर साखर धाडकन खाली आली असती."

हे ऐकून आईनंच ती बाटली उचलून सिस्टरच्या पुढ्यात सरकवली. डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही. नवी बाटली दिली, रोज दोनदा तपासा म्हणाले. साखर आटोक्यात आली की धूसरपणाही बहुतेक जाईल, थोडे आठवडे धीर धरा.

पाचव्या दिवशी सकाळी एकशे अठ्ठावीस आले. आईचा विश्वास बसेना, तिनं बाबांचं दुसरं बोट पुढे ओढून पुन्हा टोचलं. एकशे एकतीस.

"मी तुम्हाला चोर ठरवलं हो," ती म्हणाली.

"असू दे. चोरी केली असती तर बरं झालं असतं. निदान काहीतरी खायला मिळालं असतं."

आई हसता हसता रडायला लागली, आणि बाबा बोट चोखत तिच्या शेजारी बसून राहिले. महिन्याभरानं ते पुन्हा यंत्रावर बसले, आणि पहिल्या दिवशी घरी आल्या आल्या अंघोळीआधीच आम्हाला सांगितलं की, काच अगदी स्वच्छ दिसली.