आत की बाहेर

लॉनी ड्रॅक्सलरनं सोळा वर्षं चोरी केली, आणि ती त्याला शिकवली फर्मिन ओलासाबालनं.

चोरी म्हणजे पाकीट मारण्याची नव्हे. बेसबॉलमध्ये बॅटरच्या पुढ्यात हवेत एक न दिसणारी चौकट असते. गुडघ्यापासून छातीपर्यंत उंच, जमिनीतल्या पांढऱ्या प्लेटइतकी रुंद. पिचरनं फेकलेला चेंडू तिच्यातून गेला तर स्ट्राइक, म्हणजे पिचरचा फायदा; बाहेरून गेला तर बॉल, म्हणजे बॅटरचा. ठरवणार कोण, तर बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीशी वाकून उभा असलेला अंपायर. तोही माणूसच. चेंडू असा येतो की पापणी लवायची सोय नाही, मग तो बापडा बघतो काय, तर कॅचरचा हातमोजा कुठे थांबला ते. म्हणून बोटभर बाहेरचा चेंडू झेलता झेलता मनगट अलगद आत वळवायचं. घाई नाही, झटका नाही. झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढावा तसं. की अंपायर स्ट्राइक ओरडून मोकळा. या धंद्यात याला सरळ चोरीच म्हणतात, आणि कौतुकानं म्हणतात.

फर्मिन स्वतः जुना कॅचर. पोर्तो रिकोहून आला, गुडघे संपेपर्यंत खेळला आणि संपल्यावर कॅचरांचा कोच झाला. लॉनी त्याच्याकडे आला तेव्हा वीस वर्षांचा, नेब्रास्काच्या मक्याच्या शेतातून उपटून आणल्यासारखा लांबोडका. बॅट हातात शोभेला, आणि पळण्याच्या नावानं आनंदीआनंद.

"देवानं तुला नुसतं मनगट दिलंय," फर्मिन तेव्हा म्हणाला होता. "बाकीचं द्यायला विसरला. चल, आहे त्यात भागवू."

आणि भागलं. त्या मनगटावर लॉनीचं मार्नीशी लग्न झालं, दोन मुली झाल्या, छत्तिसावं वर्ष लागलं. पिचर त्याच्यासमोर निवांत फेकत, कारण थोडं इकडंतिकडं झालं तरी लॉनी सांभाळून घेईल ही खात्री.

यंदा मात्र मैदानाच्या चहूबाजूंनी कॅमेरे लागले. अंपायर आहेच, पण त्याचा निर्णय पटला नाही तर बॅटरनं, पिचरनं किंवा कॅचरनं तिथल्या तिथं डोक्यावर टपली मारायची, की मोठ्या फलकावर यंत्र चेंडूची खरी वाट दाखवतं. बाकावरून कुणी खुणावायचं नाही. दोनदा चुकलात, की त्या सामन्यापुरता अख्ख्या संघाचा दाद मागायचा हक्क गेला.

लॉनीनं चोरलेला माल बॅटर टपली मारून परत नेऊ लागले. तेही एक वेळ चाललं असतं. पण लॉनी स्वतः दाद मागू लागला आणि घोटाळा झाला. मार्चमधल्या सरावाच्या सामन्यांत त्यानं चौदा वेळा डोक्याला हात लावला, बारा वेळा तोंडघशी पडला. एकदा तर चेंडू चांगला वीतभर बाहेर निघाला. सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले प्रेक्षक खो खो हसले, आणि पिचर बुटाच्या टाचेनं माती उकरत राहिला.

"काय आजोबा," संघातला तरुण कॅचर योएल्विस त्या दिवशी म्हणाला, "चष्मा घरी राहिला वाटतं?"

"तुझ्या लंगोटात बघ," लॉनी म्हणाला. "तिथंच ठेवला होता."

सगळे हसले, लॉनीही हसला. फर्मिन हसला नाही.

संघात जागा दोन कॅचरांची, उमेदवार तीन. योएल्विस बावीस वर्षांचा, तोफेसारखा हात, त्याची जागा पक्की. उरलेल्या एका जागेसाठी लॉनी आणि टकर ब्रॅनिगन. ब्रॅनिगन बॅट फिरवली की चेंडू पार्किंगमध्ये पाठवायचा, पण चेंडू झेलणं त्याला ठाऊक नव्हतं. तो नुसता अंगावर घ्यायचा, भांडणात सोडवायला गेलेल्या माणसासारखा.

मोसमाला सहा दिवस उरले तेव्हा फर्मिननं लॉनीला मागच्या मैदानावर नेलं. एक पिचर, तीस चेंडू, फर्मिनच्या हातात चेंडूची खरी वाट दाखवणारा टॅबलेट. झेलल्याबरोबर लॉनीनं सांगायचं, आत की बाहेर.

"आत," लॉनी म्हणाला.

बाहेर.

"आत."

बाहेर.

"लॉनी, हात हलवू नकोस. येईल तिथं राहू दे."

"नाही हलवला."

"हलला."

"मास्तर, मी नाही हलवला!"

फर्मिननं त्याला चित्रफीत दाखवली. चेंडू बाहेर येऊन मोज्यात शिरत होता आणि मोजा तळ्यातल्या माशासारखा हळूच आत सरकत होता. लॉनीनं ते तीनदा पाहिलं. मग मोजा काढून स्वतःचा तळवा उलटसुलट करून बघितला.

"हे मला कळलंसुद्धा नाही," तो म्हणाला.

तीसपैकी तेरा बरोबर आले. "नाणं उडवलं असतं तरी पंधरा आले असते," असं तोच म्हणाला, हसत.

मग योएल्विस बसला. सव्वीस बरोबर.

"तू बघतोस तरी काय रे?" लॉनीनं विचारलं.

"चेंडू."

"आणि मोजा?"

"मोजा कशाला बघू? तो माझाच आहे ना, पळून कुठं जातोय?" आणि मग लॉनीचा चेहरा पाहून त्यानं सूर उतरवला. "तुम्ही काय बघता, आजोबा?"

लॉनीनं मोजा हातात फिरवला. "मी बघत नाही. मी मागचा श्वास ऐकतो. अंपायरला पटलं की त्याचा श्वास सुटतो. आणि चेंडू मला आठवतो तो हातात थांबल्यावरचा. त्याच्या आधीचं पुसलं जातं."

फर्मिननं मान वर केली. कारण ते वाक्य त्याचं होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, कुठल्याशा रटाळ बसप्रवासात, त्यानंच या मुलाला सांगितलं होतं: चेंडू कुठून आला ते तू आधी विसर. तू विसरलास तरच अंपायर विसरेल. बाकीची पोरं असलं बोलणं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडत. यानं मंत्र म्हणून घेतलं आणि जपत बसला. इतका की चोरी कुठली आणि स्वतःचं कुठलं, हे त्यालाच उमगेना.

संध्याकाळी मॅनेजर गॅरिटीच्या खोलीत बैठक झाली. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर नावांच्या चुंबकी पट्ट्या.

"बोल," गॅरिटी म्हणाला. "लॉनी की ब्रॅनिगन?"

"पिचरांना लॉनी हवाय. दोघंतिघं माझ्याकडे येऊन गेले."

"माझ्याकडेही आले. त्यातला एक तर रडायचा बाकी होता."

"त्याला सगळे बॅटर तोंडपाठ आहेत. कुणाला काय टाकायचं, कुणाची बायको माहेरी गेलीय, सगळं."

"फर्मिन, माझ्या लेकीच्या लग्नात नाचलाय तो. मला काय सांगतोस?" गॅरिटीनं खुर्ची जवळ ओढली. "मी एकच विचारतो. शेवटचा डाव आहे. आपण एका धावेनं पुढं आहोत. अंपायर म्हणाला बॉल, आणि लॉनीनं डोक्याला हात लावला. तू बाकावर बसलायस. तुझ्या पोटात काय होतं?"

फर्मिनला खोटं बोलता आलं असतं. सरकवून सरकवून उत्तर आत आणता आलं असतं. तीस वर्षं त्यानं दुसरं केलं काय होतं?

"खड्डा पडतो," तो म्हणाला.

गॅरिटीनं ब्रॅनिगनची पट्टी वर सरकवली आणि लॉनीची काढून टेबलावर ठेवली. "खालच्या संघांतही तीच यंत्रं आहेत. तिथं पाठवून त्याचे हाल करू नयेत. सकाळी तू सांग. माझ्यापेक्षा तुझ्याकडून बरं."

बरं कसलं डोंबलाचं, पण फर्मिननं मान डोलावली.

या सराव-शिबिरात एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला कळते, कुणाला शिकवावी लागत नाही. सकाळी न्याहारीच्या हॉलमध्ये कोच ट्रे न घेता तुमच्या टेबलाकडे आला, की तुमचं संपलं. तो येताना दिसला की चाळीस माना ताटात जातात. आपलं नाही ना, एवढंच बघायचं, आणि ज्याचं असेल त्याच्याकडे बघायचं नाही.

फर्मिन साडेसात वाजता दारात आला. लॉनी कोपऱ्यात एकटा बसला होता, पुढ्यात अंडी आणि घेवड्याची उसळ, दोन्ही तशीच. फर्मिनला पाहून पहिल्या टेबलावरची बडबड थांबली. मग दुसऱ्या. माना खाली जाऊ लागल्या.

आणि फर्मिनचं पाऊल आपोआप वळलं. त्यानं ट्रे उचलला. अंडी घेतली, तळलेले बटाटे घेतले, कॉफी घेतली. मागे बडबड पुन्हा सुरू झाली. निदान चारचौघांसमोर शोभा नको, सावकाश सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं. ते खरंही वाटलं त्याला.

तो समोर येऊन बसला. लॉनीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ट्रेकडे पाहिलं. अंड्यांकडे, बटाट्यांकडे, वाफाळत्या कपाकडे. त्याचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूहळू सैल होत गेला.

"मास्तर," तो म्हणाला. "ट्रे घेतलात."

"लॉनी, ऐक..."

"पहाटेपासून दाराकडे बघतोय मी. म्हटलं आता येतील, हात हलवत येतील." त्यानं तळव्यानं डोळे पुसले आणि स्वतःलाच हसला. "कालचं बघून मी तर बॅगसुद्धा भरली होती. मूर्ख माणूस!"

"अरे, मी काय म्हणतो..."

"एक मिनिट, एकच. मार्नी गाडीत असेल आत्ता, मुलींना शाळेत सोडायला निघाली असेल. तिला दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही. मग तुम्ही हवं तेवढं झापा." बोलता बोलता त्यानं फोन लावलासुद्धा, आणि तो दोघांच्या मध्ये, मिठाच्या डबीला टेकवून ठेवला.

"लॉनी?" पलीकडून मार्नीचा आवाज आला, श्वास धरलेला. "बोल ना. काय झालं?"

"राहिलो गं! मास्तर माझ्यासमोर बसलेत, बटाटे खातायत!"

फोनमधून आधी नुसता श्वास आला. मग मार्नी रडू लागली, आणि मागच्या सीटवरून दोन मुलींनी एकदम आरोळी ठोकली. शेजारच्या टेबलावर योएल्विसनं मान वळवली. त्याचं तोंड आनंदानं उघडलं आणि फर्मिनकडे लक्ष जाताच तसंच राहिलं.

फर्मिननं काटा खाली ठेवला.

"फोन बंद कर," तो म्हणाला.

"मुलींशी बोला ना जरा. धाकटी तुमचं नाव घेते..."

"बंद कर, बाळा."

सोळा वर्षांत त्यानं लॉनीला गाढव म्हटलं होतं, बांबू म्हटलं होतं, देवाची अर्धवट राहिलेली मूर्ती म्हटलं होतं. बाळा कधी म्हटलं नव्हतं. लॉनीचं हसू तोंडावर होतं तसंच होतं, पण आता ते सांभाळायला कुणी नव्हतं. हॉलमधले काटेचमचे एकामागून एक थांबले. माना ताटांत गेल्या.

"बाबा," फोनमधून धाकटी ओरडत होती, "बाबा, आपण मग नवीन घर घ्यायचं ना? बाबा? ऐकू येतंय का?"