बाईंचे पांढरे डाग

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर दिव्याच्या काचेवर मेंदूच्या एमआरआयची फिल्म लटकत होती आणि उजेडबाबा तिच्यावर टॉर्च मारत गरजत होते, “हे पांढरे डाग बघा! मल्टिपल स्क्लेरोसिस! यानं माणूस खुर्चीला खिळतो. आणि आमच्या बाई? चाला, बाई!”

निवृत्त मुख्याध्यापिका बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालत गेल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. टॉर्चनं मेंदू बरा होत असता तर रात्रीचे राखणदार अमर झाले असते, असं मी पुटपुटलो. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीनं मला कोपरानं ढोसलं.

तिला हा रोग खरोखरच होता. मागच्या झटक्यात पाय लुळे पडले, तेव्हा ती बाबांकडे गेली. त्यांनी कपाळावर टॉर्च फिरवला आणि काही आठवड्यांत पाय परत आले. तिनं डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनं बंद केली. मी बोललो की म्हणायची, “दादा, माझं बरं होणं तुला बघवत नाही का रे?”

वर्ष सरायच्या आत तिच्या डाव्या डोळ्यापुढे अंधार आला, आणि मागोमाग कमरेखालचं अंगही गेलं.

इस्पितळात बाई आपली फिल्म घेऊन धीर द्यायला आल्या. “मी बरी झाले ना? तूही होशील.” मेंदूच्या डॉक्टरांनी दोघींच्या फिल्म शेजारी शेजारी लावल्या.

“हिचे डाग बघा. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना चिकटलेले, लांबट. मेंदूचे दोन भाग जोडणाऱ्या पुलातही आहेत. बाईंचे बारीक, विखुरलेले, पोकळ्यांपासून दूर. पूल स्वच्छ. नुसत्या फोटोवर आम्ही निदान करत नाही. बाई, तुमचे हातपाय कधी लुळे पडले होते?”

“छे! डोकं दुखायचं म्हणून फोटो काढला. डाग बघून बाबाच म्हणाले, हा तोच रोग.”

“तो तुम्हाला नव्हताच. ही वयानं आणि रक्तदाबानं झालेली बारीक रक्तवाहिन्यांची झीज आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे ना?”

“बाबांनी बंद करायला सांगितली.”

डॉक्टरांनी बाईंच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघितला आणि त्यांना उठूच दिलं नाही, थेट दाखल करून घेतलं.

चालत्या माणसाला चालवून दाखवलं, एवढाच तो चमत्कार!

“पण माझे पाय आले होते, डॉक्टर,” धाकटी म्हणाली.

“ते आपणहून आले. सुरुवातीला हा झटका बहुधा ओसरतो. इंजेक्शनं पुढचा झटका अडवायला होती.”

“आता येतील?”

“थोडे. पूर्ण नाही, बहुतेक.”

ती रडली नाही. मीच भिंतीकडे तोंड करून रडलो.

पुढच्या सभेला तिनं मला तिची चाकाची खुर्ची थेट स्टेजसमोर न्यायला लावली. “बरा झालेला माणूस दाखवतात, तेव्हा त्याला रोग कोणता होता आणि तो ठरवला कुणी, हे आधी विचारा!” ती ओरडली. “औषध बंद करण्याआधी विचारा. मी विचारलं नाही.”

बाबा हसले. “श्रद्धा कमी पडली, मुली.” त्यांनी टॉर्च तिच्या तोंडावर धरला.

तिनं तळहातानं उजवा, चांगला डोळा झाकला. “धरा. उजेड दिसला की सांगते.”

सगळे वाट बघत राहिले. ती काहीच बोलली नाही. बाबांचा हात अवघडला, टॉर्च खाली आला.

तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “बाबा, बाईंना नेमका रोग कोणता होता?”