आठ चित्रांच्या बैलाचा पोळा

मी बैल बोलतोय. हसू नका! शेपूट आहे, वशिंड आहे, खांद्यावर जू आहे. फक्त अंगात मांस नाही. मी रंगीत ठिपक्यांचा बैल, मोबाइलवरच्या खेळातला. एका लांब पट्टीवर माझी आठ चित्रं आहेत, प्रत्येकात एकेक पाऊल. ती भराभर दाखवली की मी चालतो.

चालतो कसला, झिंगतो म्हणा! हैदराबादच्या एका कंपनीत कुणीतरी घाईघाईत मला काढलं. तिसऱ्या चित्रात मी ठिपकाभर वर, पाचव्यात मागं, शिंगांना फालतू ठिपके चिकटलेले. काढणाऱ्यानं जन्मात बैल पाहिला होता की नाही, देव जाणे.

मला सुधारायला सीमेवरच्या नेरडीगोंड्याजवळच्या एका मराठी गावात पाठवलं, पूनमकडे. बासरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली पोर. ही तिच्या नोकरीची परीक्षा होती: जू वाहणारा बैल सुरळीत चालवून दाखवायचा, मंगळवारी पाचच्या आत. नाही जमलं तर नोकरी दुसऱ्याला.

तीन दिवस ती माझे ठिपके खोडत, सरकवत बसली. शिंगं लख्ख झाली, पण चाल काही सुधरेना. सोमवारी संध्याकाळी तिचा बाप महिपत मागं येऊन उभा राहिला. चाळीस वर्षं बैलबाजारात बैलांच्या चाली पाहिलेला माणूस तो.

"लंगडून राह्यला ना हा! मागचा पाय पुढच्याच्या खुणेत पडते काय? पाय पाह्य पोरी, शिंगं काय घासून राह्यली?"

पूनमनं पाय सरकवले. आहाहा! चारही पाय माझेच आहेत, असं पहिल्यांदा वाटलं.

पण महिपत तेवढ्यावर थांबेल तर शपथ! दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणून त्या संध्याकाळी खांदेमळणी. गोठ्यातल्या बैलांचे खांदे शेकून झाले, तसं हळदीचं तूप घेऊन तो आत आला आणि लॅपटॉपच्या काचेवर माझाही खांदा चोळू लागला. हात जोडून म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"बाबा, लॅपटॉप खराब होईन ना!"

"बैलाची जात हाय. त्याले काऊन वगळाचं?"

मंगळवारी चार वाजले तरी माझ्या खांद्यावरचं जू पावलागणिक उड्या मारत होतं. पूनम ते बसवायला गेली, तर महिपतनं तिचा हात धरला. "पोळ्याच्या दिवशी जू? पाप घेतं काय डोक्यावर?"

"बाबा, चित्रातला हाय तो! माही नोकरी जाईन!"

"चित्रातला हाय, तं लंगडत काऊन होता?"

पूनमनं कपाळावर हात मारला आणि आठही चित्रांतलं जू खोडून टाकलं. मी असा डौलात निघालो की काय सांगू! पाचला वीस मिनिटं कमी असताना तिनं मला पाठवून दिलं.

लगेच कंपनीच्या शीतल मॅडमचा फोन आला. त्या नेहमी हिंदीतच बोलत. चाल झकास आहे म्हणाल्या, पण जू कुठाय? पाचच्या आत घालून पाठव.

पूनमच्या तोंडचं पाणी पळालं. महिपतनं मान फिरवली. "घाल माय," तो हळूच म्हणाला, "तुही नोकरी हाय."

तिनं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, आज नहीं होगा। आज पोळा है। बैलाले आज जू नाही घालत."

मला तर दरदरून घाम फुटला असता, पण तेवढे ठिपकेच नव्हते. मग मॅडमनी पहिल्यांदाच मराठीत, तेही अगदी महिपतच्याच बोलीत, विचारलं,

"जेवला काय तो बैल?"

"जेवाचाच हाय," पूनम म्हणाली.

"मंग जेवू दे त्याले. जू उद्या घाल. अन् सोमवारपासून कामावर ये."

महिपतनं डोळे पुसले आणि पुरणपोळी आधी माझ्यापुढं ठेवली.

आता मी कितीतरी मोबाइलांत कापसाची गाडी ओढतो. जू नीट बसलंय, तक्रार नाही. तुमच्या बोटासरशी चालतो, ऊन म्हणत नाही, थकवा म्हणत नाही. फक्त पोळ्याला तेवढं बोट आवरा, राजेहो. एक दिवस मला उभं राहू द्या.