किसनरावांची बंडी आणि मी, जिनातली शेल स्क्रिप्ट

मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. शेल म्हणजे संगणकाला हुकूम द्यायची जागा. रोजचे हुकूम एका फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवले, की झाले मी! हिंगणघाटच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सत्त्याऐंशीच्या हंगामात, तिथला संगणक सांभाळणाऱ्या रूपरावांनी चहा निवायच्या आत मला लिहिले.

काम साधे होते. कापूस घेऊन आलेल्या बंड्यांचे, म्हणजे बैलगाड्यांचे, नंबर एका फाइलीत असत. ते वाचून मी वजनकाट्याच्या चिठ्ठ्या छापायची. रांगेची एक रीत होती. कोणाच्या घरी अडचण निघाली आणि रांगेतल्या सगळ्यांनी होकार दिला, की ती बंडी पुढे जाई. रूपराव फाइलीतली ओळ उचलून वर ठेवत आणि मला चालवत. मालक ताराचंद शेठही खूश होते.

मग नागपूरहून संगणकाचे एक साहेब आले आणि मला पाहून हसले. "हा काय प्रोग्राम आहे? नुसते हुकूम! सी भाषेत लिहा."

सी ही मोठे प्रोग्राम लिहायची भाषा, तिच्याशी माझे वैर नाही. मी जिथे चालते तो शेलच सीमध्ये लिहिलेला आहे. मोठ्या, वेगाच्या कामाला ती हवीच. पण चिठ्ठ्या छापायला? रूपरावांनी अर्धा हंगाम त्यात घातला. नंबर फाइलीऐवजी प्रोग्रामच्या पोटात कोंडले, आणि रांगेतली अदलाबदल त्यात घालायचीच विसरले.

नवा प्रोग्राम लागला त्या पहिल्याच दिवशी वडनेरच्या किसनरावांना रांगेत निरोप आला, की त्यांच्या नलूला पाहायला समुद्रपूरचे पाहुणे आजच येणार. भरली बंडी सोडून ते जाणार कसे? ते धावत आत आले.

"रूपरावजी, माह्या पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले. मले आधी सोडा."

"थांबा, आता करून देतो."

मागून रांगेतले नत्थूजी ओरडले, "आमी सारे हो म्हणतो न! मंग मशीनले काऊन पुसता?"

पण चिठ्ठीशिवाय वजन करायचे नाही, असा शेठचा नियम. रूपराव सीमध्ये नवा भाग लिहू लागले. एक चूक काढली की दुसरी निघे. मी तिथेच होते हो! नंबर पुन्हा टाइप करून मला चालवले असते, तर किसनराव जेवणाच्या आत घरी पोचले असते. पण जुन्याकडे वळायची रूपरावांना लाज वाटली. त्या लाजेची मला आजही चीड येते.

ऊन उतरल्यावर चिठ्ठी निघाली. किसनराव वडनेरला पोचले तेव्हा पाहुणे केव्हाच परतले होते. मुलीचा बापच हजर नाही म्हणजे यांना गरज नाही, असे म्हणून गेले. पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, लहान कामाला लहान साधन घ्या, आणि जे नीट चालते आहे त्याला जपा. ते किती सोपे आहे म्हणून हसू नका. त्या हंगामाच्या शेवटी नव्या प्रोग्रामबद्दल शेठनी रूपरावांना हार घातला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत किसनरावही उभे होते.